फ्लॅट शेअरिंगवर किंवा कॉट बेसिसवर देताना: पुण्यातल्या घरमालकासाठी करार, नोंदणी आणि परवाने

कोथरूड-कर्वेनगरचा टू बीएचके असो, विमाननगरमधला थ्री बीएचके असो किंवा सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांना दिलेल्या चार खोल्या, एकाच घरात एकमेकांशी नातं नसलेली माणसं राहायला आली की घरमालकाची जबाबदारी कुटुंबाला घर देण्यापेक्षा बरीच वाढते. पुण्यात ही घरं सर्रास एका मुलाच्या नावावर करार करून दिली जातात आणि बाकीचे तिघं ‘त्याचे मित्र’ म्हणून राहतात. पुढची बहुतेक भांडणं तिथेच सुरू होतात. करार ज्याच्या नावावर, तो नोकरी बदलून बंगळूरला जातो. मागे राहिलेल्यांचा मालकाशी कागदोपत्री काहीच संबंध उरत नाही. डिपॉझिट कुणाचं, यावर चौघांची चार उत्तरं असतात. आणि पोलीस विचारायला आले तर फॉर्मवर एक नाव आणि घरात चार माणसं. म्हणून पहिला नियम हा धरा: घरात रात्री झोपणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव करारात, पोलिसांना दिलेल्या माहितीत आणि सोसायटीच्या नोंदीत असलंच पाहिजे.

आधी आपण नेमकं काय करतोय ते ठरवा

बोलताना आपण सगळ्यालाच पीजी म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ७ मधल्या व्याख्येप्रमाणे पेइंग गेस्ट म्हणजे मालक स्वतः ज्या घरात राहतो, त्याच घराचा काही भाग ज्याला परवान्याने वापरायला दिलाय तो, कुटुंबाबाहेरचा माणूस. तुम्ही वरच्या मजल्यावर राहता आणि त्याच घरातली एक खोली दोन मुलींना दिली, तर ते पीजी. तुम्ही राहता औंधला आणि वाकडचा फ्लॅट चार जणांना दिला, तर पाटीवर ‘पीजी’ लिहिलं तरी कायद्याच्या दृष्टीने ते पीजी नव्हे. तो लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर फक्त वापरायला देण्याचा व्यवहार आहे आणि त्यात राहणारे ‘लायसन्सी’ आहेत.

तिसरा प्रकार हॉस्टेलचा. वीस-पंचवीस कॉट, वॉर्डन, मेस, साफसफाई, महिन्याचं ठरलेलं पॅकेज. कायद्यातली लायसन्सीची व्याख्या हॉस्टेल, लॉजिंग हाऊस आणि गेस्ट हाऊसमध्ये राहणाऱ्यांना, तसंच पेइंग गेस्टलाही वगळते. म्हणजे घर रिकामं करून घेण्याचा जो झटपट मार्ग लायसन्सवर घर देणाऱ्या मालकाला मिळतो, तो इथे गृहीत धरता येत नाही. शिवाय हा सरळसरळ धंदा असल्याने त्याला परवाने, कर आणि अग्निसुरक्षेचे वेगळे नियम लागतात. या लेखाचा भर दुसऱ्या प्रकारावर आहे, कारण पुण्यातली बहुतेक शेअरिंगची घरं त्यातच मोडतात. हॉस्टेलबद्दल पुढे थोडक्यात येईल.

पेठांमधल्या जुन्या वाड्यांसाठी एक इशारा. तुम्ही स्वतः वाड्यात पागडीचे किंवा जुने संरक्षित भाडेकरू असाल, तर मूळ मालकाच्या संमतीशिवाय खोलीत कॉट बेसिसवर मुलं ठेवणं म्हणजे पोटभाडेकरू ठेवणं. तुमची स्वतःची भाडेकरी त्या एका कारणावरून जाऊ शकते.

अकरा महिन्यांचा गैरसमज

‘अकरा महिन्यांच्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही’ हे वाक्य पुण्यातले ब्रोकर आजही ठामपणे सांगतात. इतर काही राज्यांत ते चालत असेल, महाराष्ट्रात चालत नाही. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, राहणाऱ्यावर नाही. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पण दंडापेक्षा याच कलमातली दुसरी तरतूद मालकाला जास्त महागात पडते. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर घर दिलं होतं याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, आणि ते खोटं आहे हे मालकाला सिद्ध करावं लागतं. ‘भाडं आठच हजार ठरलं होतं’ किंवा ‘मी लायसन्सी नाही, भाडेकरू आहे’ असं कुणी म्हणाला, की पाचशेच्या स्टॅम्पपेपरवरचा नोटरी केलेला कागद फारसा उपयोगी पडत नाही. उलट नोंदणीकृत करार असेल, तर घर रिकामं करून घेण्याच्या कलम २४ खालच्या दाव्यात त्या करारात लिहिलेली गोष्ट निर्णायक पुरावा ठरते. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे (याच कायद्याखाली अशा अर्जांसाठी नेमलेला अधिकारी) अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या फीच्या, म्हणजे महिन्याच्या भाड्याच्या, दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं फिरण्यापेक्षा हा मार्ग बराच जवळचा आहे, पण त्याचं दार नोंदणीकृत करारानेच उघडतं.

सगळ्यांचा एक करार की प्रत्येक कॉटचा वेगळा?

एकच करार करून त्यात चौघांना लायसन्सी दाखवलं, तर खर्च कमी येतो आणि पूर्ण फीची जबाबदारी चौघांवर एकत्रित आणि प्रत्येकावर स्वतंत्रही ठेवता येते. करारात तसं स्पष्ट लिहावं लागतं. एकाने पैसे थकवले तर बाकी तिघांकडून वसूल करता येतात. अडचण माणूस बदलला की येते. एक जण गेला आणि नवीन आला, तर करार नव्याने करायला हवा, आणि इथेच कंटाळा केला जातो. एकमेकांना आधीपासून ओळखणारे, एकत्र घर शोधायला आलेले चार मित्र असतील तर हा मार्ग ठीक.

एकमेकांना अनोळखी माणसं वेगवेगळ्या महिन्यांत येणार असतील तर प्रत्येकाशी स्वतंत्र करार करा. त्यात त्याची खोली आणि कॉट कोणती आणि हॉल, स्वयंपाकघर, बाथरूम सामायिक, हे लिहा. घराचा ताबा आणि देखरेख मालकाकडेच आहे हेही लिहा. लायसन्स आणि भाडेपट्टा यातला फरक कोर्ट बघतं तेव्हा पूर्ण, बिनवाटेकरी ताबा कुणाकडे होता हा प्रश्न येतो. कॉटवार करारात त्याचं उत्तर मालकाच्या बाजूने जातं.

खर्चातला फरक आकड्यात बघू. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते पूर्ण मुदतीच्या फीवर, परत न मिळणाऱ्या रकमेवर आणि परत करायच्या डिपॉझिटवरच्या वार्षिक १० टक्के व्याजाच्या बेरजेवर लागतं. ही सोय ६० महिन्यांपर्यंतच्या मुदतीला आहे. त्यापुढे भाडेपट्ट्याचा दर लागतो. समजा तीन जण, प्रत्येकी महिना १०,०००, प्रत्येकी डिपॉझिट २०,०००, मुदत ११ महिने. एकत्र करार केला तर फी ३,३०,००० आणि ६०,००० च्या डिपॉझिटवरचं व्याज साधारण ५,५००, म्हणजे ३,३५,५०० वर ०.२५ टक्के, ८३९ रुपये. शंभराच्या पटीत वर नेलं की ९००. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एकूण १,९००. वेगळे तीन करार केले तर प्रत्येकाचं मुद्रांक शुल्क ३०० च्या आसपास आणि नोंदणी फी १,०००, म्हणजे तिघांचे मिळून ३,९००. कागद हाताळणी शुल्क आणि एजंटची फी याशिवाय. दोन हजारांचा फरक तिघांत वाटला तर माणशी सातशेही होत नाही. माणसं बदलत राहणारं घर असेल तर हे पैसे वाचवण्यासारखे नाहीत.

ग्रामीण हद्दीत नोंदणी फी ५०० आहे. हिंजवडीसारख्या भागात घर असेल तर हद्द नक्की कोणती, हे प्रॉपर्टी टॅक्सच्या पावतीवरून बघून घ्या.

घरमालक स्वतः राहतो त्या घरातल्या पीजीचाही लेखी करार करून नोंदवून घ्यावा. ‘घरातलाच मुलगा आहे’ ही भावना पहिल्या वादापर्यंत टिकते.

करारात काय लिहायचं

तयार मसुद्यात नावं भरून भागत नाही, कारण तो कुटुंब डोळ्यासमोर ठेवून केलेला असतो. शेअरिंगच्या घरासाठी काही कलमं हाताने घालावी लागतात. घरात जास्तीत जास्त किती माणसं राहतील हा आकडा लिहा. पाहुणा सलग किती रात्री थांबू शकेल ते लिहा. तीन-चार रात्रींची मर्यादा व्यवहार्य असते, त्यापुढे लेखी कळवणं सक्तीचं ठेवा. लायसन्स व्यक्तिगत आहे, दुसऱ्याला देता येणार नाही हे लिहा, नाहीतर तुमच्या घरातली कॉट एखाद्या ॲपवर जाहिरातीत दिसेल. विजेचं बिल किती जणांत आणि कसं वाटायचं, एसी असलेल्या खोलीचा हिशेब वेगळा का, हेही इथेच ठरवा. एसीच्या खोलीला सबमीटर बसवला की दर महिन्याची कटकट संपते. मात्र युनिटचा दर महावितरणच्या बिलावरून येतो तोच घ्या, त्यावर नफा काढू नका.

डिपॉझिटवर पुण्यात कायद्याने ठरवलेली कमाल मर्यादा नाही. केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यातली दोन महिन्यांची मर्यादा व्हॉट्सॲपवर फिरत असते, पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण अधिनियम चालतो. डिपॉझिट कॉटवार नोंदवा, कुणाच्या खात्यातून आलं ते लिहा आणि परत त्याच खात्यात करा. एका मुलाने सगळ्यांचे मिळून भरले आणि जाताना त्याने सगळे परत मागितले, ही नेहमीची तक्रार त्यामुळे उद्भवतच नाही. रंगकामाचे किंवा साफसफाईचे पैसे कापणार असाल तर रक्कम करारात आधीच लिहा. न लिहिता कापलेलं महिनाभराचं भाडं हे मालकाकडून होणाऱ्या अन्यायाचं सगळ्यात सामान्य रूप आहे.

नोटीस पिरियड आणि लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) दोघांना सारखा ठेवा. मालकाला एक महिना आणि राहणाऱ्याला तीन, असा एकतर्फी करार सही होतो, पण वादात टिकवणं अवघड जातं आणि मुलं तो पाळतही नाहीत. डिपॉझिटमधून शेवटचा महिना वळता करून निघून जातात.

अकरावी-बारावीची किंवा नीट-जेईईच्या क्लासची मुलं ठेवत असाल तर वय तपासा. अठरा पूर्ण नसलेल्याशी केलेला करार कायद्याने करारच नाही. अशा वेळी पालकाला लायसन्सी करा आणि मुलाचं नाव राहणारा म्हणून घाला.

ऑनलाइन नोंदणी करताना

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी घरबसल्या होते. लागतं एवढंच: सगळ्या पक्षांचे आणि दोन साक्षीदारांचे आधार क्रमांक, पॅन, मिळकतीचा तपशील (इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा सारांश-उतारा, प्रॉपर्टी टॅक्सची पावती किंवा लाइट बिल), वेबकॅम आणि अंगठ्याचं स्कॅनर. स्कॅनर घेऊन घरी येणारे अधिकृत सेवा पुरवठादार पुण्यात प्रत्येक भागात आहेत. क्रम असा: मिळकतीची माहिती, मालक, लायसन्सी, मुदत आणि रक्कम, अटी, मग मसुदा, मग शुल्क आणि फी ऑनलाइन भरणं, मग प्रत्येकाचा फोटो आणि अंगठा, शेवटी दुय्यम निबंधकाकडे सादर. त्यांनी मंजूर केलं की सही झालेला करार आणि इंडेक्स टू उतरवून घेता येतो. मंजुरीआधीचा मसुदा म्हणजे नोंदणी झाली असं नव्हे; बरेच जण तोच पीडीएफ सोसायटीला देऊन मोकळे होतात.

अडतं ते बहुतेक अंगठ्यावर. आधारमध्ये बायोमेट्रिक लॉक केलेलं असतं आणि मुलाच्या ते लक्षातही नसतं. आधारच्या ॲपमधून आधी अनलॉक करायला सांगा. ज्येष्ठ मालकांचे ठसे झिजलेले असतात. बोट ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा, दुसरं बोट द्या. एकाच अंगठ्यावर दहादा दाबून उपयोग नाही. दुसरी चूक मिळकतीच्या वर्णनाची. गावाचं नाव, सर्व्हे नंबर आणि फ्लॅट नंबर खरेदीखतात आहेत तसेच लिहा. बोलीभाषेत घर ‘बाणेर’ला असतं आणि कागदावर ‘बालेवाडी’ला, आणि प्रकरण दुरुस्तीसाठी परत येतं. आधारवरचं नाव आणि पॅनवरचं नाव यात वडिलांच्या नावाचा फरक असेल तर तो आधीच बघून ठेवा.

घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांनी मालक म्हणून यायला हवं. मालक परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र लागतं. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं. कपाटात पडून राहिलेला कागद हा अनिवासी मालकांच्या प्रकरणात हमखास अडथळा असतो.

पोलिसांना माहिती

‘पोलीस एनओसी’ असं काही काढावं लागत नाही. मालकाने माहिती द्यायची असते, परवानगी मागायची नसते. पोलीस आयुक्त वेळोवेळी आदेश काढून घर देणाऱ्यांना राहणाऱ्याची माहिती देणं बंधनकारक करतात, आणि तो आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली मालकावर गुन्हा दाखल होतो. फॉर्म पोलिसांच्या संकेतस्थळावर भरता येतो: मालकाचा आणि राहणाऱ्याचा फोटो, ओळखपत्र, मूळ गावचा पत्ता, कॉलेज किंवा कंपनीचं नाव, ओळखणाऱ्या माणसांचे नंबर, ब्रोकरचं नाव. प्रत्येक माणसाचा स्वतंत्र फॉर्म भरा आणि पोचपावती जपून ठेवा. नोंदणीकृत करारावर अवलंबून हा फॉर्म टाळू नका.

हद्द चुकवू नका. कोथरूड, बाणेर, विमाननगर, खराडी पुणे शहर आयुक्तालयाकडे. वाकड, हिंजवडी, पिंपळे सौदागर, चाकण पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे, जे २०१८ पासून वेगळं आहे. त्याबाहेरचा भाग पुणे ग्रामीणकडे. हिंजवडीच्या फ्लॅटचा फॉर्म पुणे शहराच्या साइटवर भरून निश्चिंत बसलेले मालक बरेच सापडतात. तो फॉर्म संबंधित पोलीस ठाण्यात पोचलेलाच नसतो.

परदेशी विद्यार्थी ठेवणार असाल तर नियम फार कडक आहे. ‘सी फॉर्म’ म्हणून ओळखली जाणारी माहिती तो आल्यापासून २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणीच्या संकेतस्थळावर भरावी लागते. हे घरमालकाचं काम आहे, कॉलेजचं नव्हे. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती घ्या आणि व्हिसाची मुदत करारापेक्षा आधी संपतेय का ते बघा.

सोसायटी

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर द्यायला संस्थेची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची प्रत व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, एवढंच. मालक स्वतः राहत नाही म्हणून संस्था बिनभोगवटा शुल्क (नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस) घेऊ शकते, पण १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. महापालिकेचा कर सेवाशुल्कात धरायचा नाही. सेवाशुल्क महिना २,५०० असेल तर जास्तीत जास्त २५०. ‘बॅचलर आहेत म्हणून माणशी हजार’ हा ठराव सर्वसाधारण सभेत एकमताने झाला तरी वैध ठरत नाही; तक्रार उपनिबंधकाकडे करता येते.

पुण्यात बऱ्याच इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट असोसिएशन असतात. त्यांना सहकार कायद्याचा हा आदेश लागू नाही. तिथे घोषणापत्र आणि त्यांचे स्वतःचे उपविधी वाचा. भांडायला जाण्याआधी आपली इमारत कुठल्या कायद्याखाली नोंदलेली आहे हे शेअर सर्टिफिकेट किंवा डीड ऑफ अपार्टमेंट बघून खात्री करा.

सोसायटीचा राग बहुतेकदा पार्किंग, कचरा आणि रात्रीचा आवाज या तीन गोष्टींवरून असतो. चार माणसं म्हणजे चार दुचाकी. फ्लॅटला एकच पार्किंग असेल तर ते करारात स्पष्ट लिहा. मुलं गेटवर भांडतात आणि फोन तुम्हाला येतो.

घर खरंच सुरक्षित आहे का

कागद पूर्ण असले तरी यात कसूर झाली तर माणूस जातो, म्हणून इथे घाई करू नका.

सगळ्यात धोकादायक वस्तू बाथरूममधला गॅस गिझर. बंद खोलीत गॅस जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला थोडं डोकं जड वाटतं, चक्कर येते आणि दार उघडण्याआधीच शुद्ध हरपते. थंडीत खिडकी बंद करून लागोपाठ चौघं अंघोळ करतात तेव्हा चौथ्याचा धोका सर्वात मोठा, कारण आधीच्या तिघांचा धूर आतच साठलेला असतो. शेअरिंगच्या घरात गॅस गिझर बाथरूमच्या आत ठेवूच नका. तो ड्राय बाल्कनीत मोकळ्या हवेत न्या किंवा विजेचा बसवा. एक्झॉस्ट फॅन लावून आतला गिझर सुरक्षित होतो हा समज चुकीचा आहे. फॅन लावायचा राहतो, किंवा लाइट गेलेली असते.

विजेचा गिझर, मायक्रोवेव्ह, इंडक्शन, दोन एसी आणि चार लॅपटॉप हे सगळं एका कुटुंबासाठी केलेल्या जुन्या वायरिंगवर टाकलं की एमसीबी सतत पडायला लागतो. मग कुणीतरी इलेक्ट्रिशियन मोठ्या ॲम्पिअरचा एमसीबी बसवून देतो. तसं केलं की वायर तापते आणि एमसीबी पडत नाही, म्हणजे संरक्षणच गेलं. लोड मोजून घ्या, गरज असेल तर महावितरणकडे मंजूर भार वाढवायचा अर्ज द्या आणि गिझर-एसीला स्वतंत्र वायर ओढा. ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर आजच बसवा. ओल्या हाताने शॉक बसला तर जीव वाचवणारी वस्तू तीच. अर्थिंग तपासल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका.

स्वयंपाकघराच्या दाराजवळ, शेगडीच्या वर नव्हे, चार किंवा सहा किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक टांगा. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते माणूस बदलताना बघा आणि वर्षातून एकदा तपासणी करून घ्या. प्रत्येक झोपायच्या खोलीत बॅटरीवरचा स्मोक अलार्म बसवायला फार खर्च येत नाही.

पुण्यातल्या फ्लॅटना खिडक्यांना आणि बाल्कनीला पूर्ण जाळ्या असतात. चोर येत नाही, पण आग लागली तर आतला माणूसही बाहेर पडत नाही. प्रत्येक खोलीच्या एका तरी जाळीला उघडणारी झडप करून घ्या. तिचं कुलूप असेल तर किल्ली त्याच खोलीत खिळ्याला टांगलेली हवी, मालकाच्या घरी नव्हे. खोल्यांच्या दारांना बाहेरून कडी लावण्याची सोय काढून टाका. हॉलमध्ये पार्टिशन टाकून खोली वाढवली असेल तर त्या खोलीला स्वतःची खिडकी आहे का बघा. खिडकी नसलेल्या जागी कॉट टाकू नका, कितीही मागणी असली तरी.

इमारतीची अग्निशमन यंत्रणा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ खाली येते. ती चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. सोसायटीकडे त्याची प्रत मागा. नसेल तर सदस्य म्हणून विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

कर

पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला प्रॉपर्टी टॅक्समध्ये ४० टक्के सवलत देते. घर दिलं की ती सवलत घेता येत नाही. सवलतीसाठीच्या पीटी-३ अर्जात स्वतः राहतो असं लिहून घर भाड्याने दिलेलं आढळलं तर फरकाची वसुली निघते. हॉस्टेलसारखा वापर दिसला तर बिगरनिवासी आकारणीचा प्रश्नही उभा राहतो.

जीएसटी बहुतेकांना लागत नाही. राहण्यासाठी राहत्या घराचं भाडं करमुक्त आहे, आणि १५ जुलै २०२४ पासून सलग किमान ९० दिवसांसाठी दिलेली, माणशी महिना २०,००० पर्यंतची निवासाची सोयही करमुक्त आहे. पंधरा दिवसांसाठी, आठवड्यासाठी कॉट देत असाल तर ही सूट मिळत नाही. उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते. घर पीजी चालवणाऱ्या कंपनीला दिलं असेल आणि ती जीएसटीत नोंदलेली असेल तर हिशेब वेगळा. तो सनदी लेखापालाकडून समजून घ्या.

आयकरात फक्त घर दिल्याचं उत्पन्न ‘घर मिळकत’ म्हणून येतं आणि त्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. जेवण, साफसफाई, कपडे धुणं अशा सेवा दिल्या तर ते व्यवसायाचं उत्पन्न धरलं जाऊ शकतं. मालक अनिवासी असेल तर फी देणाऱ्याने करकपात करायची असते, आणि शेअरिंगच्या घरात ती चारही जणांची जबाबदारी होते. मुलांना याची कल्पना नसते. करारावर सही घेण्याआधी सांगा.

हॉस्टेल किंवा मेस चालवत असाल तर

शॉप ॲक्टखाली कामगारांच्या संख्येप्रमाणे ऑनलाइन सूचना किंवा नोंदणी. जेवण देत असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना उलाढालीप्रमाणे घ्यावा लागतो. डबा बाहेरून येत असेल तर डबेवाल्याचा नोंदणी क्रमांक मागून घ्या. कॉट दिवसाच्या भावाने देऊ लागलात की ते लॉजिंग होतं आणि महापालिकेचा परवाना लागतो. इमारत राहण्यासाठी मंजूर आहे की नाही आणि भोगवटा पत्र मिळालंय का, हे आधी तपासा. अनधिकृत वाढीव मजल्यावर हॉस्टेल चालवणाऱ्याला कुठलाच परवाना वाचवत नाही.

फ्लॅट एखाद्या ऑपरेटरला देत असाल तर त्याच्याशी केलेल्या करारात इतरांना कॉट द्यायची परवानगी, कमाल माणसं, आणि पोलिसांची माहिती कुणी भरायची, हे तीन मुद्दे हवेतच. ‘कंपनी बघते’ म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही. घर तुमच्या नावावर आहे.

घर सोडताना आणि न सोडताना

मुदत संपूनही कुणी हलत नसेल तर वीज-पाणी तोडू नका, सामान बाहेर काढू नका, कुलूप बदलू नका. कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि चूक नसलेला मालक पोलीस ठाण्यात आरोपी म्हणून बसतो. लेखी नोटीस द्या, मुदतीनंतर आलेले पैसे ‘नुकसानभरपाईपोटी, करार न वाढवता’ असं लिहून घ्या आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा. समन्स मिळाल्यावर लढायची परवानगी त्याला ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन मागावी लागते. मागितली नाही तर निकाल तुमच्या बाजूने लागतो.

नीट जाणाऱ्यासाठी अर्धा तास राखून ठेवा. विजेच्या मीटरचा आणि सबमीटरचा फोटो, गॅसच्या मीटरचं रीडिंग, किल्ल्या मोजून (सोसायटीचं ॲक्सेस कार्ड आणि गाडीचा स्टिकर धरून), गादी, कपाट, गीझर चालू करून बघणं. त्याच्यासमोर यादीवर खूण करा, दोघांच्या सह्या घ्या. आलेलं नसलेलं लाइट बिल मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीने कापा आणि बिल आल्यावर फरक परत करा. डिपॉझिट त्याच दिवशी, ज्या खात्यातून आलं त्याच खात्यात. मग सोसायटीला आणि पोलीस ठाण्याला तो गेल्याचं कळवा, आणि त्याच्या कॉटवर नवीन माणूस येण्याआधी त्याचा करार नोंदवून घ्या.